भूतबंगल्याच्या आठ दोऱ्या

भूतबंगल्याची पुढची बाजू जितकी भयानक, तितकीच मागची बाजू केविलवाणी. पुढून बघावं तर काळ्या भिंती, फाटके पडदे, दात विचकणाऱ्या कवट्या. मागे जाऊन बघावं तर नुसत्या फळ्या, खिळे, जुन्या जाहिरातींचे उलटे ठोकलेले पत्रे आणि या सगळ्यातून जेमतेम एक माणूस तिरका होऊन सरकेल एवढी बोळकांडी. त्या बोळकांडीत आईनं अठरा वर्षं काढली होती. आता तिथे तिची मुलगी उभी होती, आणि सातव्या रिलेच्या स्क्रूखाली वायर सरकवत होती.

आई शेजारी उलट्या बादलीवर बसली होती. दुखरा डावा खांदा तिनं उजव्या हातानं धरला होता, कुणाचं तरी मूल सांभाळायला दिल्यासारखा.

"हे काडेपेटीएवढं डबडं माझा सांगाडा उचलणार?"

"ते नाही उचलणार, मोटर उचलेल. हे फक्त मोटरला वीज सोडतं. कॉम्प्युटरचा हुकूम अगदी बारीक असतो आई, त्यानं साधा दिवासुद्धा लागत नाही. तो हुकूम आला की आत लोहचुंबक जागा होतो, पट्टी खेचली जाते आणि मोठी वीज सुरू. कुणीतरी हळू आवाजात सांगायचं आणि यानं ते धाडकन करून दाखवायचं, एवढंच याचं काम."

"म्हणजे घरातली थोरली सूनच की," आई म्हणाली.

मुलीला इतकं हसू आलं की स्क्रू हातातून निसटला आणि फळ्यांखाली गेला. दोघी वाकून तो शोधू लागल्या. शोधता शोधता डोक्यावर डोकं आपटलं आणि दोघींच्याही तोंडून एकदम "सॉरी" गेलं. आई आणि मुलगी कधी एकमेकींना सॉरी म्हणतात का? पण या दोघी म्हणायच्या.

वडील गेले तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. आईला काम मिळालं ते या फिरत्या आनंदमेळ्यात, वर्षातले आठ महिने एका गावाहून दुसऱ्या गावाला. मुलगी मावशीकडे वाढली. बंद हंगामाचे चार महिने आई घरी यायची, म्हणजे मावशीच्या घरी, आणि पुढच्या खोलीत पाहुण्यांसाठी जी गादी घालायचे तिच्यावर झोपायची. बाकी सगळं फोनवर. मुलगी फोनवर मोठी झाली, फोनवर पदवीधर झाली. गेल्या वर्षी कारखान्यांचे कंट्रोल पॅनेल तपासायची नोकरी लागली, तेही फोनवरच कळवलं. मग तिनं दोन खोल्यांची जागा घेतली आणि पहिल्याच महिन्यात दोन खाटा आणल्या. दुसऱ्या खाटेवर सध्या वाळलेले कपडे असायचे.

महिन्यापूर्वी आईच्या खांद्याचं कळलं आणि मुलीनं मालकांना फोन लावला, आईच्या नकळत. मालक म्हणजे जाडजूड, दिलदार, पण कामाला पक्के. ते म्हणाले, "वहिनींच्या जागी दुसरं माणूस मी सहा महिने शोधतोय. त्या बोळकांडीत दोन दिवसांच्या वर कुणी टिकत नाही. तू म्हणतेस तशी भुतं आपोआप चालली, तर मी त्यांना आनंदानं मोकळं करतो. नाही चालली तर मात्र खांदा दुखो की मान, दोऱ्या त्यांनाच ओढाव्या लागतील, मी खोटं कशाला बोलू?" नव्या गावात मेळा शुक्रवारी दुपारी चारला उघडणार होता. मुलीची रजा शनिवारपर्यंत होती. म्हणजे पाच दिवस आणि आठ भुतं. ती चालली तर आई घरी येणार. नाही चालली तर पुन्हा फोन.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, पोरगी दोऱ्या हलक्या करून द्यायला आलीय.

या आठ दोऱ्या एका दांडीवरून खाली लोंबत, आणि प्रत्येकीच्या टोकाला वेगळी गाठ होती, अंधारात बोटांना कळावी म्हणून. एक गाठ म्हणजे छतावरून पडणारा कोळी. दोन गाठी म्हणजे कपाटातून बाहेर झेपावणारा सांगाडा. वेणी घातलेली दोरी खुर्चीत डुलणाऱ्या म्हातारीची. चिंधी बांधलेली दोरी भात्याची, ती ओढली की माणसाच्या मानेवर गार वारा येतो. मुलीनं प्रत्येक दोरीपुढे वहीत नाव लिहिलं, रिलेचा क्रमांक लिहिला आणि मग खरा प्रश्न विचारला.

"सांगाडा कधी ओढतेस?"

"माणूस आलं की."

"तसं नाही गं. पुढे ती फळी करकरते ना, तिथून किती सेकंदांनी?"

"सेकंद कुणी मोजलेत? सातचा पाढा म्हणते मनातल्या मनात. नव्वे झालं की ओढते."

"आणि कोळी?"

"तीनचा पाढा. पाचे आलं की सोडायचा."

"म्हातारी?"

"तिला पाढाबिढा काही नको. सांगाडा बघून ओरडून झालं की माणूस एक मोठा श्वास घेतं, आणि तेवढ्यात हिनं खुर्चीत डुलायचं."

मुलीचं पेन थांबलं. "पण तुला पाढे येत नव्हते ना? मावशी म्हणायची, तू तिसरीतच शाळा सोडलीस."

"तूच तर शिकवलेस, फोनवर."

मुलीला आठवलं. रोज संध्याकाळी मावशी फोन लावून द्यायची आणि बोलायला काही सुचायचं नाही, मग ती शाळेतला त्या दिवसाचा पाढा म्हणून दाखवायची. पलीकडून आई फक्त "हं, पुढे" म्हणायची. ते सगळं आठवून तिला जरा भरून आलं. पण भरून आल्यानं मिलिसेकंद कळत नाहीत. तिनं स्टॉपवॉच काढलं, सातचा पाढा नव्वेपर्यंत स्वतःच तीनदा म्हटला, सरासरी काढली आणि ७.४ सेकंद असं वहीत लिहिलं. शास्त्र शिकलेल्या माणसाचा हा एक दोष असतो. मोजमाप बिनचूक केलं की आपण बरोबर गोष्टच मोजली, असं त्याला वाटतं.

बुधवारी सकाळी पहिल्यांदा वीज जोडली. मालक कौतुकानं आत येऊन नेमके मधोमध उभे राहिले. मुलीनं बटण दाबलं, आणि आठही भुतं एकदम उठली. कोळी मालकांच्या डोक्यावर, सांगाडा अंगावर, म्हातारी डुलायला लागली, मानेवर वारा आणि वरून भोंग्यातलं खदाखदा हसणं.

"बंद कर! बंद कर गं!" मालक ओरडले.

चूक एका ओळीची होती. हा रिलेचा बोर्ड उलट्या चालीचा होता, हुकूम नसला की चालू आणि हुकूम दिला की बंद. कॉम्प्युटर जागा होईपर्यंत कुणीच हुकूम देत नव्हतं, म्हणून सगळे मोकाट सुटले. कारखान्यात असा बोर्ड तिनं पन्नास वेळा हाताळला होता. इथे घाईत विसरली. तिनं ती ओळ बदलली, आणि त्याच बैठकीत बाहेर जाण्याच्या दाराची जोडणीही उलटी करून घेतली, म्हणजे वीज गेली तर दार उघडंच राहील आणि माणसं आत अडकणार नाहीत.

"निदान चालतात हे तर कळलं," मालक डोक्यावरचा कोळी काढत म्हणाले. "दुपारी आपल्या लोकांना आत सोडू. आपल्यांना घाबरवलंस तर गाव काय, कुणीही घाबरेल."

आपले लोक म्हणजे मेळ्यातलेच, आणि त्यांचा म्होरक्या पाळणेवाला. मोठा पाळणा चालवणारा हा गडी स्वतःला फार शूर समजायचा. दुपारी सहा जण आत गेले आणि बाहेर आले ते हसतच.

"इंजिनियरबाई," पाळणेवाला म्हणाला, "तुमची भुतं फार सभ्य आहेत. यायच्या आधी टकटक करतात!"

रिले लागताना टक्क असा आवाज होतो. मोटरीजवळ, फळीच्या पलीकडेच ठोकलेला तो रिले अंधारात चांगला ऐकू येत होता. टक्क झालं की सगळे तिकडे मान वळवत आणि भूत यायची वाट बघत. बाकीचं तर आणखीच वाईट. सांगाडा बाहेर आला तेव्हा माणसं वळणावरसुद्धा पोचली नव्हती. "लांबूनच दिसला," पाळणेवाल्याची बायको म्हणाली, "बिचारा एकटाच हात हलवत होता. मला तर वाटलं, कुणाला तरी निरोप द्यायला आलाय."

मालक हसले नाहीत. "शुक्रवार परवावर आलाय," एवढंच म्हणाले, आणि आईला म्हणाले, "वहिनी, दोऱ्या अजून सोडू नका हं."

टकटकीवर इलाज होता. मुलीनं संध्याकाळभर बसून आठही रिले बोळकांडीच्या टोकाला, तिकीटखिडकीमागच्या खोक्यात हलवले आणि लांब वायरी ओढल्या. खोका जुन्या गोधडीत गुंडाळायचा विचार होता, पण रिले गरम होतात म्हणून फक्त खाली रबर घातलं. वेळेचं मात्र काही कळेना. तिनं वही पुन्हा तपासली. पावलांचं अंतर, अंधारातली चालण्याची गती, सगळं दोनदा मांडलं. हिशेबानं सांगाडा ९.६ सेकंदांनी यायला हवा होता. मग आईचा पाढा ७.४ कसा? आणि आई तर अठरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

गुरुवारी सकाळी तिनं मोटरीची जोडणी काढली आणि आईला म्हणाली, "एकदा तू हातानं ओढून दाखव. एकदाच, उजव्या हातानं. पाढा मोठ्यानं म्हण."

"मोठ्यानं? लाज वाटते गं."

"मीच आहे इथे."

"म्हणूनच."

तरी आई उठली. दांडीखाली उभी राहिली, न बघता तिची बोटं दोन गाठींवर गेली. मुलीनं पुढून तिकीटवाल्याला चालायला सांगितलं होतं. फळी करकरली. आई पुटपुटू लागली, "सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस…" एका लयीत, घाई नाही, अडखळणं नाही. "…सात साते एकोणपन्नास. सात आठे…"

आणि ती थांबली.

फळ्यांमागे सगळं गप्प झालं. मुलीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून ती बोलली नाही. आई काही आठवत नव्हती. मान किंचित कलती करून ती ऐकत होती, दुसऱ्या टोकाचं कुणी बोलेल म्हणून थांबतात तशी. मग शांतपणे म्हणाली, "छप्पन्न. सात नव्वे त्रेसष्ट," आणि दोरी ओढली. पलीकडे तिकीटवाला "आई गं!" म्हणून उडाला, माहीत असूनसुद्धा.

घड्याळात ९.६ होते.

"तू मध्ये थांबलीस," मुलगी म्हणाली.

"हो. सात आठेला थांबायचं असतं ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू थांबायचीस. रोज थांबायचीस, मग छप्पन्न म्हणायचीस. मला वाटलं, सातचा पाढा असाच असतो." आईनं दोरी सोडली. "का? नसतो?"

दुसरीत असताना मुलीला सात आठे किती हे कधीच पटकन यायचं नाही. ती फोन हातात धरून गप्प उभी राहायची, बोटांवर मोजायची, आणि पलीकडून आई तिला सांगूही शकायची नाही, कारण तिलाही ते येत नव्हतं. दोघीही वाट बघायच्या. सव्वादोन सेकंद. आईनं ते वाट बघणं पाढ्यासकट पाठ केलं होतं आणि गावोगावी, फळ्यांमागे, रोज शेकडो वेळा तशीच थांबत आली होती.

"असतो," मुलगी म्हणाली. "असाच असतो." तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला आणि आकडा बदलला. ९६००. स्क्रीन तिला नीट दिसत नव्हता म्हणून तिनं तो दोनदा वाचून घेतला.

शुक्रवारी सकाळी पाळणेवाला पुन्हा छाती काढून आत गेला. तीन मिनिटं बाहेर सगळे कान देऊन उभे होते. आधी एक बारीक किंकाळी आली, ती त्याच्या बायकोची. मग एक मोठी, आणि मग दार आपटून पाळणेवाला बाहेर आला तो एका पायात चप्पल नसलेला.

"चप्पल राहिली आत," कुणीतरी म्हणालं.

"राहू दे तिथेच," पाळणेवाला म्हणाला. "भुताला लागली तर घेऊ दे."

सगळा मेळा हसला. मालकांनी मुलीची पाठ थोपटली आणि खुशीत येऊन आईपुढे हात जोडले. "वहिनी, आजपासून तुम्ही मोकळ्या! पोरीनं माझ्याकडून शब्दच घेतला होता, यंत्र चाललं तर आईला घरी पाठवा म्हणून. आपण शब्दाला पक्के."

आईचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून कुणीतरी दिवा काढून न्यावा तसं झालं. ती मागच्या बुटक्या दारातून वाकून आत गेली आणि आतून कडी लावली.

मुलगी दारापाशी घुटमळली. मग वळून पुढच्या बाजूनं भूतबंगल्यात शिरली आणि कपाटाजवळ जाऊन उभी राहिली. फळीच्या पलीकडे आईची जागा होती. आईचा श्वास ऐकू येत होता.

"आई."

तिनं फळीवर हलकेच बोट वाजवलं.

"जेवलीस का?"

फोनवर त्या अशीच सुरुवात करायच्या. फळीमागून आवाज आला. "जेवले. तू?"

"अजून नाही."

"खांद्यासाठी आले म्हणालीस."

"खांद्यासाठी आलेच. पण ते अर्धंच सांगितलं."

"मला विचारलं का नाहीस?"

"नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." फळीवर आईनं पाठ टेकल्याचा आवाज झाला. "घरी येऊन मी काय करू गं? इथे मला सगळं ठाऊक असतं. फळी वाजली की कुणीतरी आलं, ओरडलं की गेलं."

"मी सहाला येते घरी."

"ठाऊक आहे. बोलता बोलता कुलूप उघडतेस, चावी दोनदा फिरवतेस, मग पिशवी खाली ठेवतेस. ऐकू येतं मला. पण दर वर्षी मी येते ना, तेव्हा तू दार उघडून 'ये आई, बस' म्हणतेस. पाणी आणतेस, पेल्याखाली बशी ठेवून."

"मग काय म्हणायला हवं?"

"काही नाही. घरचं माणूस आलं तर कुणी मान वर करूनसुद्धा बघत नाही. मला बशी नको वाटते, आणि ते तुला सांगताही येत नाही. चार महिने कसे तरी निघतात. पण कायमचं आले, आणि तू कायमची बशी देत राहिलीस तर?"

मुलीनं कपाळ फळीला टेकवलं. "चार दिवस आधीपासून ठरवत असते मी," ती म्हणाली, "तू आलीस की काय काय बोलायचं ते. कारखान्यात बोर्ड तपासतानासुद्धा तेच चालू असतं. आणि दार उघडलं की त्यातलं काहीच येत नाही. 'ये, बस' एवढंच येतं. मला कुठे ठाऊक आहे दुसरं काही? कुणी शिकवलंय?"

 तिनं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला, आणि पाय पडला की भाता चालवणारा, खालच्या चटईतला स्विच दाबला गेला. मानेवर बर्फासारखा गार वारा आला. ती "अगं आई गं!" म्हणून केवढ्यांदा किंचाळली. स्वतःच बसवलेल्या यंत्राला घाबरून.

फळीमागे आई हसायला लागली. आधी दाबून, मग अजिबात न दाबता, खोकला येईपर्यंत. मुलीनं आईला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. फोनमध्ये एवढं मोठं हसू मावत नसावं.

दुपारी तीनच्या सुमाराला मुलगी मागच्या पायऱ्यांवर बसून उरलेल्या वायरींच्या जुड्या बांधत होती. प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, आवळायची, टोक कापायचं. मागच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज तिनं ऐकला. जिभेवर शब्द आला, तो तिनं गिळला. वर बघायची इतकी इच्छा झाली की मान दुखली, पण तिनं पुढची वायर उचलली.

आई येऊन शेजारी बसली. केसांना फळ्यांचा भुसा लागला होता. ती थोडा वेळ मुलीच्या हातांकडे बघत राहिली, मग कटर उचलून पट्टीचं टोक कापलं. मग दुसरं. असं बराच वेळ चाललं.

"माझी ट्रंक उद्या तू घेऊन जा पुढे," आई म्हणाली. "मी हे गाव संपलं की निघते, दहा दिवसांनी. तिकीटवाल्याला यंत्र समजावून द्यायला हवं, तो सगळं उलटंसुलटं करेल."

मुलीच्या मनात आधी विचार आला, की दहा दिवस मोजता येतात. मग दुसरा आला, की मोजायला सुरुवात केली तर ते सरणार नाहीत.

"एका बाजूची कडी तुटलीय तिची," आई पुढे म्हणाली. "तिकडून खालून हात घालून उचलायची. नाही तर उघडते."

मुलीनं पुढची पट्टी आवळली आणि टोक कापण्यासाठी, वर न बघता, आईपुढे धरलं.